मांडव घेवड्याचा होता

घेवड्याच्या वेलाला फार काही लागत नाही. बाभळीच्या दोन मेढी रोवाव्यात, त्यावर एखादी आडवी काठी बांधावी, वर थोड्या तुराट्या टाकाव्यात. वेल आपला आपण चढतो. आमच्या गावातल्या बायका हे काम भाकऱ्या थापून झाल्यावर, जेवायला बसायच्या आधी उरकून टाकत. माझ्या वडिलांना त्याच कामाला जवळजवळ महिना लागला, आणि त्यातून जे उभं राहिलं त्याच्यापायी माझं लग्न होता होता राहिलं.

हे ऐकून लोक हसतात. पुढं मी ज्या शाळेत नोकरी केली तिथल्या बाया मला ही हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मी सांगायचे, पण मला स्वतःला कधी हसू आलं नाही. वडिलांचं तेव्हा जे वय होतं त्याच्या कितीतरी पुढं आज मी आले आहे. म्हातारपणी माणूस मऊ होतं, आईबापाला समजून घेतं, असं म्हणतात. मी वाट पाहिली. तसं काही झालं नाही.

वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरड्या मुलखातलं, शिंगणापूरला जाणाऱ्या गाडीवाटेवरचं. शाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आठवडाभर तिथं पोरं पाढे म्हणत आणि रविवारी त्याच खोलीत उपासना होई, म्हणून कुणी तिला शाळा म्हणे, कुणी देऊळ. वडील लोकांचे अर्ज लिहून देत, भांडणात साक्षीला उभे राहत, आणि मास्तर म्हणाले म्हणजे खरंच असणार, असं गावात बोललं जाई. ते कानावर पडलं की त्यांची मान ताठ व्हायची. घरात मात्र त्यांच्याजवळ एकच शब्द होता, तो म्हणजे 'बघू'. धाबं गळतंय, माती टाकायला माणूस लावा, असं आई म्हणाली की बघू. शेळी आजारी आहे, काय करायचं? बघू. त्या बघूमध्ये होकारही नसे आणि नकारही नसे. विचारणाऱ्यानं कंटाळून निघून जावं एवढाच त्याचा अर्थ होता, आणि आई बिचारी निघून जाई.

लढाईचे दिवस होते. धान्याचे हाल, रॉकेलचे त्याहून हाल, आणि अंगणात भाज्या लावा म्हणून सरकार सगळ्यांच्या मागे लागलेलं. नगरहून मिशनचे गोरे साहेब अधूनमधून मोटारीनं फिरतीवर यायचे. त्यांनी जाहीर केलं की ज्या मास्तराची बाग सगळ्यांत चांगली त्याला विलायती कंदील बक्षीस मिळेल. रॉकेल मिळत नसताना कंदील बक्षीस देणाऱ्या माणसाबद्दल मी काय बोलू? आणि त्या कंदिलासाठी जीव टाकणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. पण तो जीव टाकणारा माझा बाप होता, म्हणून बोलावं लागतं.

परसात जागा होती, विहीर जवळ होती, कुंपण होतं. पण साहेबांची मोटार पुढच्या दारी थांबायची, तेव्हा भाजी पुढच्या दारीच दिसायला हवी असं वडिलांनी ठरवलं. बाभळीच्या वाकड्यातिकड्या मेढी त्यांना चालेनात. सरळ निंबाचे खांब पाहिजेत. ते मिळेपर्यंत बी रुजून वेल हातभर झाले आणि जमिनीवर लोळायला लागले. मग पहारीनं खड्डे सुरू झाले. आमच्या दारात वर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. वडील दोन घाव घालत, कपाळ पुसत, आणि शाळेतली पट्टी लावून खड्डा किती खोल झाला ते पाहत. चार खड्डे झाले तेव्हा कळलं की ते चौकोनात नाहीत. मग पुन्हा चार. आई त्या पहिल्या खड्ड्यांकडे बघायची आणि घरात जाऊन भांडी जोरजोरात घासायची. तिचं बोलणं असंच भांड्यांतून चालायचं.

अखेर खांब उभे राहिले, त्यावर वासे चढले, केकताडाच्या दोऱ्यांनी सगळं करकचून बांधलं गेलं. खालून जुंपलेली बैलगाडी सहज गेली असती इतका तो उंच होता. घेवड्याच्या वेलांना वर पोचायला शिडी द्यावी लागणार की काय, असं आम्हाला वाटलं. गल्लीतले लोक येऊन बघून गेले. एकानं हसत विचारलं, "मास्तर, चार शेंगांना येवढा मांडव? त्यांचं लगीन लावताय व्हय?" सगळे हसले. साधी थट्टा होती. वडिलांनी ती मनाला इतकी लावून घेतली की त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढं कुणी त्या मांडवाकडे नुसतं पाहिलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं या एका हसण्याच्या धाकानं झालं.

मग पावसानं ओढ दिली. ऊन तापलं, कोवळे वेल करपायला लागले. वडिलांनी शाळेमागच्या आंब्याच्या फांद्या तोडून आणल्या आणि वेलांना सावली म्हणून मांडवावर पसरल्या. मोरीचं पाणी दारातून वाहायचं, तेव्हा ते वाया जाऊ नये म्हणून चारी खांबांशी केळीचे मुनवे लावले. आता आमच्याकडे वेल चढवतात त्यालाही मांडवच म्हणतात आणि लग्नात घालतात त्यालाही मांडवच. शब्द एकच. फरक ओळखायचा तो वरून. वेलाच्या मांडवावर तुराट्या असतात आणि लग्नाच्या मांडवावर आंब्याचे डहाळे. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. एवढी पुस्तकं वाचलेल्या माझ्या वडिलांनी पुढच्या दारात चौकोनी मांडव घातला, वर आंब्याचे डहाळे टाकले, कोपऱ्यांना केळी लावल्या, आणि मग घरात लग्नाच्या वयाची मुलगी ठेवून स्वस्थ बसले.

श्रावण चालू होता. हिंदू घरांत श्रावणात लग्नं नसतात, म्हणून दुसऱ्या कुणाच्या दारात हा मांडव असता तर लोकांनी दोनदा विचार केला असता. पण आम्ही पडलो ख्रिस्ती. वाटेनं जाणारे म्हणत, किरिस्तावांना काय आखाड अन् काय सरावन, त्येंचं कवाबी चालतंय. आणि आमच्या दारावरून तर शनिवारी शिंगणापूरला तेल घालायला जाणाऱ्यांची रीघ असायची.

माझं त्या वेळी काय चाललं होतं तेही सांगते. मी सातवीची फायनल पास झाले होते आणि नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. दुसरं काही मला नको होतं. पहिल्यांदा जागा मिळाली नव्हती. मग तिथली एक मुलगी मध्येच लग्न करून गेली, आणि दिवाळीनंतर तिच्या जागी ये, असा तिथल्या मुख्य बाईंचा निरोप आला. लग्न ठरलेल्या मुलीला तिथं घेत नसत, हेही त्यांनी निरोपात सांगून ठेवलं होतं. मी दिवाळीकडे डोळे लावून बसले होते. वडिलांनीही जा म्हटलं होतं, म्हणजे बघू म्हटलं होतं.

अशात एका दुपारी माझी थोरली आत्या आली. ती दोन गावं पलीकडे राहायची. नेहमी आली की आधी मोरीवर जाऊन पाय धुवायची. त्या दिवशी ती मांडवाखालीच फतकल मारून बसली, गाठोडं समोर ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागली. आम्हाला वाटलं, तिच्याकडे कुणी गेलं. गल्ली गोळा झाली. मग तिच्या रडण्यातून शब्द फुटले.

"माझ्या पाठच्या भावानं दारात मांडव घातला," ती म्हणाली, "अन् ते मला शनीला तेल घालाया आलेल्या मानसाकडनं कळावं?"

तिच्या गावचा कुणी शनिवारी आमच्या दारावरून गेला होता आणि परत जाऊन मास्तरांच्या पोरीचं लग्न निघालं म्हणून सांगितलं होतं. आत्याचं दुःख नुसतं आमंत्रणाचं नव्हतं. आदल्या वर्षी तिनंच माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर, पहिली बायको वारलेला, वयानं माझ्या वडिलांना अरे म्हणाला असता तरी चाललं असतं. वडील तेव्हा बघू म्हणाले होते. आत्यानं त्याचा अर्थ होकार असा घेऊन तिकडे सांगून टाकलं होतं. आता दारात मांडव पाहून तिला वाटलं, भावानं दुसरीकडेच सोयरीक केली आणि आपल्याला तोंडघशी पाडलं. तिनं गल्लीसमोर विचारलं, की तिचं स्थळ काय म्हणून नको झालं आणि हा नवरदेव कोण.

मी उंबऱ्यात सूप घेऊन उभी होते. मला वाटलं, आता बाबा हसतील आणि सांगतील. सांगायचं काय होतं? आक्का, अगं हा घेवड्याचा मांडव आहे. झालं. आत्या डोळे पुसून आत आली असती, चहा झाला असता. वडिलांनी आत्याकडे पाहिलं. मग गल्लीकडे पाहिलं. मागं ज्यानं थट्टा केली होती तो बाप्या पुढंच उभा होता आणि त्याचे ओठ आत्ताच हलायला लागले होते. वडील खाली बघत म्हणाले, "दुसरं कोन असनार, आक्का? तुझंच स्थळ."

आत्याचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. तिनं गाठोड्यातून नारळ काढला आणि मांडवाच्या खांबाला बांधला. लोक बरं झालं, बरं झालं म्हणत पांगले. मी सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि आत्या निघायची वाट पाहत बसले.

ती परत गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "बाबा, घेवडा म्हना. एकच शबुद हाय." ते म्हणाले, "येवढी मानसं जमली हुती. आता कसं सांगू?" आणि मग, "बघू." मी म्हटलं, उद्या सांगा, आत्याच्या गावी जाऊन सांगा, माझी जागा जाईल. त्यांनी चपला घातल्या आणि शाळेकडे निघून गेले. सुट्टीचा दिवस होता.

पुढचे आठवडे आठवले की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वडिलांना मांडव मोडता येईना, कारण तो आता लग्नाचा होता. वेल उपटता येईनात, कारण कंदील हवा होता. वेलांना यातलं काही माहीत नव्हतं. पाऊस परतला आणि ते भराभर चढले. सुकलेल्या आंब्याच्या पानांतून हिरवी पानं वर आली, जांभळी फुलं लागली, शेंगा धरल्या. वडिलांनी मध्येमध्ये रंगीत कागदाच्या पताका लावल्या. कुणी विचारलं तर वेल शोभेला सोडलेत म्हणून सांगायचे. हे माझे वडील, मास्तर म्हणाले म्हणजे खरंच असणार असे.

मला बघायला म्हणून कंपाउंडर आले. बरोबर आत्या. त्यांच्या अंगाला आयोडीनचा वास येत होता आणि ते प्रत्येक वाक्य दवाखान्यात सुरू करून दवाखान्यातच संपवत. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, झोप नीट लागते का. मग वर पाहून म्हणाले की मांडव मजबूत आहे. त्यांच्या काळ्या टोपीवर एक चांगली भरलेली शेंग लोंबत होती आणि त्यांना ती आरास वाटत होती. मला त्या माणसाचा राग आला नाही. राग यावा इतकं त्यांच्यात काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत लग्न, असं ठरवून ते गेले. म्हणजे मी ट्रेनिंगला जायची त्याच्या तोंडावर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेबांची मोटार आली. साहेब उतरले, मांडवाखाली आले, शेंगा, पताका, नारळ, केळी सगळं पाहिलं आणि त्यांच्या त्या नेहमीच्या मराठीत म्हणाले, "मास्तर, हे मांडव कशाची आहे? लग्नाची?" गल्ली ऐकत उभी होती. साहेबांपुढं खोटं बोललं तर कंदील जाणार, आणि खरं बोललं तर माझी सुटका होणार. वडील एक पाऊल पुढं गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बीन्स, सर. ओन्ली बीन्स."

गल्लीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मला तेवढं येत होतं. म्हणजे माझ्या वडिलांना खरं बोलता येत होतं. फक्त ते चारचौघांना कळणार नाही अशा भाषेत बोलायचं होतं. तोवर मला वाटत होतं की बाबा भित्रे आहेत, अडकलेत, त्यांना वाट सापडत नाही. त्या दिवशी कळलं की वाट त्यांना चांगली माहीत आहे. त्या दिवसापासून माझ्या मनातून ते उतरले ते उतरलेच. कंदील दुसऱ्याच गावच्या एका मास्तराला मिळाला, त्याची वांगी मोठी होती म्हणे.

आता राहिली होती उपासनेतली सूचना. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवारी पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, म्हणून विचारतात. कुणी कधी काही सांगत नाही. लोक त्या वेळी खोकून घेतात, बाया पोरांची नाकं पुसतात, आणि पाळक पुढच्या गीताचा आकडा सांगतात. पहिल्या रविवारी आई वडिलांना म्हणाली, तुम्ही पाळकसाहेबांना आधीच भेटून सांगा. ते बघू म्हणाले. नाव वाचलं गेलं. मी बायांच्या बाजूला सतरंजीवर बसून वडिलांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ हलली नाही. दुसऱ्या रविवारी मी घरातून निघताना त्यांच्या पाया पडले, म्हटलं, बाबा, आज बोला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि देवळात जाऊन गीताचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं. नाव वाचलं गेलं.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना काही सांगितलं नाही.

पाळक शेजारच्या गावाहून सायकलवर यायचे. घामेजलेले, घाईत, पुढच्या गावी दुसरी उपासना असलेले. त्यांनी नावं वाचली आणि हरकतीचं वाक्य म्हटलं. मी उभी राहिले. त्यांना वाटलं, कुणाला तरी बाहेर जायचंय, आणि त्यांनी गीताचा आकडा सांगायला तोंड उघडलं.

"माझी हरकत हाय," मी म्हटलं.

खोकणारे थांबले. पाळक चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की हरकत ज्याचं लग्न त्यानं घ्यायची नसते, ती दुसऱ्यानं कुणीतरी घ्यायची असते, तशी पद्धत आहे. इतकी वर्षं ते वाक्य वाचणाऱ्या माणसानं त्याचा अर्थ असा लावून ठेवला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आता खाली बसले असते तर जन्मभर बसले असते.

"दारातला मांडव घेवड्याचा हाय," मी म्हटलं. "लग्नाचा न्हाई. कुनी लगीन ठरवलंच नव्हतं. बाबांना इचारा."

आणि मग हसू फुटलं. पुरुषांच्या बाजूनं सुरू झालं आणि बायांकडे आलं. शाळेची पोरं दारात बसली होती, तीही कळलं नसताना हसायला लागली. वडिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. पाळकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, मास्तर, ही मुलगी काय म्हणते? वडील उठले. गीताचं पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. मला आठवतं, त्या क्षणीसुद्धा मला खात्री होती की ते खरं बोलतील. मुलगी उभी आहे, देवाचं घर आहे, हसू तर होऊनच गेलंय, आता लपवायला उरलंच काय?

"लग्नाचाच हाय," वडील म्हणाले.

इतकं स्वच्छ, इतकं ठाम मी त्यांना आयुष्यात दुसरं काही बोलताना ऐकलं नाही. आणि लोक गप्प झाले, कारण मास्तर म्हणाले होते. पाळकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. सूचना झाली म्हणायला त्यांना तेवढं पुरे होतं.

तेव्हा माझ्या शेजारी आई उठली. ती चारचौघांत बोललेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "आज सकाळी त्याच मांडवाच्या शेंगा मोडल्यात म्या, पाळकसाहेब. भाजी चुलीवर हाय. पटत नसंल तर चला, वाढते."

त्यानंतर जे हसणं झालं ते थांबवणं पाळकांच्या हातात राहिलं नाही. त्यांना स्वतःलाच रुमाल तोंडाला लावावा लागला. वधूवरांच्या नावांची चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात घातली. वडील उभेच होते, मग बसले, मग गीत सुरू झालं तेव्हा चुकून एकटेच बसून राहिले. हे कानावर गेलं आणि आत्या कायमची तुटली. कंपाउंडरांना नाताळच्या आत दुसरी मुलगी मिळाली. ती मुलगी कशी राहिली ते मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही.

घरी आल्यावर वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला ते सोपं गेलं. दिवाळी झाली. एकट्या मुलीनं मोटारीच्या थांब्यापर्यंत जाऊ नये म्हणून आईनं वडिलांना माझ्याबरोबर धाडलं. ट्रंक त्यांनी उचलली, आणि माझ्यापुढं चार हात अंतर ठेवून चालत राहिले. थांबा आंबराईपाशी होता, तिथं आम्ही उभे राहिलो. तेव्हा सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, कधी येतील याचा नेम नसे. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील. चुकलो म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. नीट शीक, एवढं म्हणाले असते तरी मी सगळं सोडून दिलं असतं. तेवढी मी तेव्हा लहान होते.

धुरळा दिसायला लागला तसे ते रस्त्याकडे बघतच बोलले.

"समदं देऊळ हासलं आपल्याला."

"हासलं," मी म्हटलं. "मग पुढं काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना कळला होता. ते खरोखर विचार करत होते, हे मला दिसत होतं. ज्याच्या धाकानं त्यांनी मला देऊन टाकायची तयारी केली होती, त्या हसण्यानं आपलं नेमकं काय झालं हे ते शोधत होते. मोटार येऊन थांबली. क्लीनरनं ट्रंक टपावर टाकली. मी चढले, जागा मिळाली, खिडकीतून पाहिलं तर ते तसेच उभे होते. पुढं ते पुष्कळ वर्षं जगले, मी सुट्टीत घरी जात राहिले, जेवायला शेजारी बसत राहिले. त्यांनी मला ते उत्तर कधी दिलं नाही, आणि मी त्यांना दुसरं काही कधी विचारलं नाही.